कणगी काढणारा प्लगिन

मित्रांनो, मला वजन नाही, वास नाही, आणि मला हातही लावता येत नाही. मला ठेवायला कपाट लागत नाही. एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात माझ्यासारखी कितीतरी भावंडे मावतील. तरीही मी काम करतो. ते काम जळगावच्या एका डाळ मिलमध्ये रोज लोकांच्या डोळ्यांसमोर असते. मी एक प्लगिन आहे. प्लगिनांच्या जगात चार-पाच वर्षे म्हणजे म्हातारपण, त्यामुळे कोणी मला जुना म्हटले तर मला राग येत नाही.

प्लगिन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. गाडीत चालकासमोर वेग आणि पेट्रोल दाखवणारी पाटी असते. तशीच पाटी संगणकाच्या पडद्यावरही करता येते. तिला डॅशबोर्ड म्हणतात. यंत्रांत बसवलेले सेन्सर आकडे पाठवत राहतात आणि डॅशबोर्ड त्या आकड्यांची चित्रे करून दाखवतो. पण डॅशबोर्डला सगळीच चित्रे काढता येत नाहीत. शिवणयंत्राला काज करायचे असेल तर वेगळा पाय जोडावा लागतो ना, तसा डॅशबोर्डला एखादा जोडतुकडा बाहेरून आणून बसवावा लागतो. तो जोडतुकडा म्हणजे प्लगिन. माझे नाव कणगी.

माझा जन्म जळगावातल्याच मेहरूण भागात, एका भाड्याच्या खोलीत झाला. मला जन्म देणारी दिपमाला मूळची धुळ्याची. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन ती सोहनलालजींच्या डाळ मिलमध्ये दाण्यातली ओल मोजणारे सेन्सर बसवण्याच्या कामावर वर्षभरासाठी आली होती. ती कोणतीही गोष्ट एकदा पाहून थांबत नसे. पुन्हा पाही, मग उलट करून पाही.

तुरीचा दाणा डाळ होण्याआधी बरेच सोसतो. त्याला चाळतात, तेल लावतात, पाणी शिंपडतात आणि मग वाळवतात. पूर्वी हे वाळवण मिलच्या गच्चीवर उन्हात होई. आता त्यासाठी तीन उंच ड्रायर आहेत. दाणा ओला राहिला तर त्याचे साल सुटत नाही. जास्त वाळला तर डाळ अखंड निघत नाही, तिची चुरी होते. या दोन्हींच्या मध्ये एक नेमका क्षण असतो. शिडीवर चढून, दाणा दाताखाली धरून तो ओळखणारा आणि तूर बाहेर काढायला “उतरवा!” अशी हाक देणारा माणूस म्हणजे हिलालनाना. ते पारोळ्याकडचे. गच्चीवर तूर वाळत होती तेव्हापासून ते या मिलमध्ये आहेत.

दिपमालाने सुरुवातीला सगळे करतात तेच केले. पडद्यावर प्रत्येक ड्रायरसाठी एक गोल काढला. दाणे ओले असतील तर गोल लाल, उतरवण्याजोगे झाले की हिरवा, असा तिचा बेत होता. तिने लॅपटॉपवर ते नानांना दाखवले.

“बेस शे,” नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे छान आहे.

तेवढ्यात दिपमालाच्या लक्षात आले की तिने रंग उलटे टाकले आहेत. ओल्याला हिरवा आणि वाळलेल्याला लाल. तिने ते दुरुस्त करून पुन्हा दाखवले.

“हाई बी बेस शे.”

दिपमालाने एकदा नानांकडे पाहिले, एकदा पडद्याकडे. “नाना, आता यातला कोणता ड्रायर उतरवायचा ते सांगा बरं.”

नानांनी तिच्या पुढ्यातला कप तिच्या हातात दिला. “चहा थंडा व्हई राहिना. आधी पी ले.”

ती चहा प्याली. बाकीचे लोक पोती मोजायला बाहेर गेले. मग तिने हळूच विचारले, “नाना, लाल आन् हिरवा तुम्हाले एकच दिसस ना?”

“तुले कोनी सांगं?”

“तुम्हीच. चहा पाजीसन.”

नाना हसले. तरुणपणी त्यांना ड्रायव्हर व्हायचे होते. डोळ्यांच्या तपासणीत त्यांना नापास केले, तेव्हा कुठे त्यांना कळले की लोकांना दिसते ते आपल्याला दिसत नाही. मिलमधल्या जुन्या यंत्रांवरही लाल-हिरवे दिवे होते. पण तिथे वरचा दिवा चालू आणि खालचा बंद, हे त्यांनी पाठ केले होते. “मी रंग नही, जागा दखस,” ते म्हणाले. “आते हाई कोनले कळनं, तं माले गेटवर बसाडतीन. मना हात वाळवनना शे, बेटा. गेटवर पावत्या फाडीसन मी काय करू?”

“मी कोनले सांगाव नही,” दिपमाला म्हणाली. “पन चित्र बदलसू.”

मित्रांनो, लाल आणि हिरवा वेगळे न दिसणे हा काही आजार नव्हे. डोळ्याच्या आत रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. काहींच्या त्या पेशी जन्मापासूनच जरा वेगळ्या असतात, एवढेच. मुलांमध्ये हे मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. तुमच्या शाळेतही असा कोणीतरी नक्की असेल. कदाचित तो वर्गात शेजारच्याची वही पाहून नकाशा रंगवत असेल, आणि तुम्हाला ते माहीतही नसेल.

तर माझे रूप कसे असावे, हे दिपमालाने नानांनाच विचारले. नाना खाली वाकले. जमिनीवर तुरीच्या सालीची बारीक पिवळट धूळ साचलेली होती. तिच्यात त्यांनी बोटाने एक कणगी काढली. धान्य साठवायची, शेणाने सारवलेली, पोट सुटलेली कणगी. तिच्यात त्यांनी आडव्या लाटा काढल्या. “हाई ओलं.” लाटा पुसून उभ्या काड्या काढल्या. “हाई तयार.” मग काड्यांवरून वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, उन्हाने भेगाळलेल्या शेतासारख्या. “हाई जास्ती वाळनं. चुरी व्हई.”

तो झाला माझा चेहरा. रंग एकच, काळा. दिपमालाने मेहरूणच्या खोलीत बसून मला लिहून काढले. पहिले काही दिवस माझी कणगी वाकडी निघे आणि लाटा भिंतीबाहेर सांडत. तिची मैत्रीण पुनम मला पाहून म्हणाली, “हा माठ आहे की हंडी?” दिपमालाने मला पुन्हा लिहिले.

मग मला मिलच्या सर्व्हरवर, म्हणजे डॅशबोर्ड चालवणाऱ्या मुख्य संगणकावर, बसवायचे ठरले. त्यासाठी दिपमालाने काळी खिडकी उघडली. या खिडकीत बटणे नसतात आणि चित्रेही नसतात. लिहून हुकूम द्यायचा आणि लिहून आलेले उत्तर वाचायचे. मला ती खिडकी आवडते. तिथे कोणी मोघम बोलत नाही. दिपमालाने ‘हा प्लगिन बसव’ असा हुकूम दिला. मी माझ्या फोल्डरमध्ये जाऊन बसलो. पण डॅशबोर्डने मला आत घ्यायला नकार दिला. त्याचे म्हणणे साधे होते: तुझ्यावर कोणाची सही नाही, मग मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? मोठ्या कंपन्यांचे प्लगिन सही घेऊन येतात. मी घरी केलेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. अनोळखी माणसाला दारात थांबवून नाव विचारणे योग्यच आहे. दिपमालाने डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये माझे नाव लिहिले, ‘याला मी ओळखते, याला येऊ दे’ अशा अर्थाने. मग तिने सर्व्हर रीस्टार्ट केला, कारण प्लगिनांची हजेरी डॅशबोर्ड सुरू होतानाच घेतली जाते. थोड्याच वेळात ड्रायरसमोरच्या मोठ्या पडद्यावर तीन कणग्या उभ्या राहिल्या.

नाना खाली उभे राहून वर पाहत होते. मधल्या कणगीतल्या लाटा एकेक करून मिटल्या आणि काड्या उभ्या राहिल्या. नानांनी हाक दिली, “दुसरा उतरवा!” कोणाला काहीच विशेष वाटले नाही. आधीही ते अशीच हाक देत. पण त्या दिवशी ते शिडीवर चढले नव्हते, आणि त्यांनी दाणा दाताखालीही धरला नव्हता.

पुढची वर्षे माझ्या सुखाची गेली. चाळीसगावचे एक डाळवाले मिल पाहायला आले आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “हे तर न शिकलेल्यालाही वाचता येईल!” सोहनलालजींच्या पत्नी चंदनबाई मिलमध्ये आल्या की आधी मला पाहत. “बाकी सगळे आकडे, ही एकटीच घरची वाटते,” असे त्या म्हणत. मी काही बोलू शकत नाही, पण त्या वाक्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

दिपमालाचे वर्ष संपले. ती धुळ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिले नाही. म्हणजे नाना रोज पाहत, पण माझ्या आत काय आहे ते कोणी पाहिले नाही. माझ्या शेजारी राहणाऱ्या प्लगिनांना नवनव्या आवृत्त्या मिळत. माझा आकडा जन्माच्या वेळी होता तोच राहिला. मी चालत होतो, म्हणून मला कोणी विचारत नव्हते. चालणाऱ्या वस्तूंचे असेच होते.

सोहनलालजींचा मुलगा रोनक पुण्याहून शिकून परत आला आणि मिलचे काम पाहू लागला. मुलगा हुशार आणि कामसू. नवरात्राच्या आधी आमच्या मिलचा कोपरा न् कोपरा झाडायची रीत आहे. जाळी काढतात, मोटारी पुसतात, फुटके टोपले आणि तुटके पट्टे बाहेर काढतात. सगळे हातात झाडू घेऊन लागलेले पाहून रोनकला वाटले, संगणक तेवढा का राहावा? त्याने काळी खिडकी उघडली आणि बसवलेल्या सगळ्या प्लगिनांची नावे मागितली. ज्यांची नवी आवृत्ती होती त्यांना त्याने नवी दिली. मग त्याची नजर माझ्यावर आली. यादीतल्या माझ्या आखूड इंग्रजी नावावरून त्याला काही कळले नाही. कंपनी नाही. सही नाही. इतक्या वर्षांत एकदाही बदल नाही.

“हे कसलं जुनं पडलंय इथे?” तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने मला काढून टाकण्याचा हुकूम दिला. खिडकीने उत्तर दिले: काढला, आता रीस्टार्ट करा. पण ड्रायर चालू होते, म्हणून त्याने रीस्टार्ट पुढे ढकलले. मग मान वर करून त्याने पडद्याकडे पाहिले. तिन्ही कणग्या जागच्या जागी होत्या. म्हणजे काढले ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते, असे समजून तो निर्धास्त झाला.

मित्रांनो, इथेच त्याची फसगत झाली. सर्व्हरच्या फोल्डरमधून मी खरोखर गेलो होतो. पण ड्रायरसमोरच्या पडद्यावर डॅशबोर्डचे पान कधीपासून उघडेच होते, आणि त्या उघड्या पानाने माझी एक प्रत आपल्यापाशी आधीच घेऊन ठेवली होती. ते पान बंद होत नव्हते तोवर मी दिसत होतो. घर पाडले गेले होते, आणि मी ओसरीवर आपला बसून होतो.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. चंदनबाईंनी प्रत्येक मोटारीला, ड्रायरला, वजनकाट्याला हळदकुंकू लावले, झेंडूची फुले वाहिली. संगणकालाही लावले. नारळ फोडला. पूजेनंतर दसऱ्याच्या दुपारपर्यंत एकही यंत्र चालवायचे नाही, त्यांनाही विसावा हवा, असा चंदनबाईंचा दंडक आहे. म्हणून सर्व्हर बंद झाला, आणि एरवी कधीच न मिटणारा ड्रायरसमोरचा पडदाही बंद झाला. तेव्हा मी ओसरीवरूनही उठलो.

पुढचे मला नंतर ऐकायला मिळाले. दसऱ्याच्या दुपारी सगळे सुरू केले, तर पडद्यावर तीन रिकाम्या चौकटी. प्रत्येकीत एकच ओळ: प्लगिन सापडला नाही.

रोनक धावत आला. सगळ्या तारा तपासून त्याने आईला विचारले, “मम्मी, नारळ कुठे फोडलास तू?”

“संगणकासमोर. का? त्याच्या डोक्यावर फोडायला हवा होता?”

“पाणी उडालं असेल आत. नाहीतर कुंकू गेलं असेल.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून मोटारींसमोर नारळ फोडतेय मी. एक मोटार रुसली नाही. तुझ्या या खोक्यालाच तेवढं कुंकू सोसत नाही!”

पोती उचलणारे लोटन आणि त्यांचे सोबती तोंड फिरवून हसले. रोनकने डॅशबोर्डची नवी आवृत्ती बसवून पाहिली. उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने तयार मिळणारे दिवे लावले: प्रत्येक ड्रायरला एक मोठा गोल, ओल्याला लाल, तयार झाल्यावर हिरवा. आकडे धुळीत लांबून वाचता येत नाहीत म्हणून त्याने ते मुद्दाम ठेवले नाहीत. सगळ्यांना दिवे आवडले. हिलालनाना म्हणाले, “बेस शे.”

त्या दिवसापासून नाना पुन्हा शिडीवर चढू लागले. पहिल्या ड्रायरवर चढायचे, मूठभर तूर काढायची, दाणा दाताखाली धरायचा, उतरायचे, मग दुसऱ्यावर. गच्चीवर एकच वाळवण असताना हे जमत असे. आता तीन ड्रायर होते आणि नानांचे गुडघेही तेव्हाचे नव्हते. ते तिसऱ्यावर पोचेपर्यंत पहिल्यातली तूर जास्त वाळलेली असे. चुरी वाढली.

“नाना, पडदा समोर असताना शिडी कशाला?” रोनकने विचारले.

“सवय शे, भाऊ.”

रोनकला त्यांची खरोखर काळजी वाटत होती. तो आईला म्हणाला, “नानांना आता हे झेपत नाही. पडद्याकडे बघायचंही त्यांच्या लक्षात राहत नाही. दिवाळीनंतर त्यांना गेटवर बसवू. सावली आहे, खुर्ची आहे.”

नाना शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते. त्यांनी ते ऐकले. खाली उतरून ते गोदामामागे गेले आणि त्यांनी धुळ्याला फोन लावला.

“बेटा, तुनी कणगी गयी.”

“कोनी काढी?” दिपमालाने विचारले.

“माहीत नही. दसराले पडदा लावा तं कोरा. आते दिवा शेतस, तिन्ही बठ्ठा सारखा. आन् माले गेटवर बसाडी राहिनात.”

कॉलेजला सुट्टी लागताच दिपमाला बसने जळगावला आली. तिच्या लॅपटॉपमध्ये मी होतो, म्हणजे माझी मूळ प्रत. जे मी पुढे सांगतो ते मी त्या लॅपटॉपमधूनच ऐकलेले आहे.

मिलच्या ऑफिसात रोनक होता. चंदनबाई कामगारांच्या दिवाळीच्या मिठाईचे ठरवायला आलेल्या होत्या. रोनकने आदराने खुर्ची दिली, पण म्हणणे सोडले नाही.

“दिपमालाताई, खरं सांगा, माझे दिवे काय वाईट आहेत? तुमच्या प्लगिनला सही नाही, मागे कंपनी नाही. उद्या पुन्हा अडकला तर मी कोणाला धरू?”

“सहीचं तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “आणि इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाहिलं नाही, हेही बरोबर आहे. पण दिव्यांनी भागणार नाही.”

“का नाही? सगळ्यांना दिसतात.”

दिपमालाने तोंड उघडले आणि मिटले. तिने शब्द दिला होता. शब्द मोडला असता तर मी सहज परत बसलो असतो, पण तिने तो मोडला नाही.

दारात हिलालनाना उभे होते. डोक्याचे फडके काढून त्यांनी हातात घेतले. “रोनकभाऊ, तिले कशाला कोड्यात टाकता? मला विचारा ना. मला लाल आन् हिरवं येगळं दिसत नही. कधीच दिसलं नही. गेटवर बसवायचं तर बसवा, पन पडद्याकडं बघायचं मी इसरतो असं म्हनू नका. मी रोज बघतो. तिथं काही दिसतच नही.”

चंदनबाईंनी कपाळावर हात मारला. “अरे हिलाल! म्हणून तू मागे लोणच्याला लाल मिरच्या आण म्हटल्यावर हिरव्यागार घेऊन आलास? आणि वर मलाच म्हणालास, भाभीजी, आज बाजारात याच लाल होत्या!”

“मंग काय सांगू, भाभीजी? तो बाजारवाला बी तेच बोलला.”

“तो बोलणारच! त्याला विकायच्या होत्या.”

सगळ्यात मोठ्याने नाना हसले. दिपमालाने रोनकचा फोन मागून घेतला, त्या फोनने ड्रायरसमोरच्या पडद्याचा फोटो काढून आणला, आणि सेटिंगमध्ये जाऊन फोनमधले सगळे रंग बंद केले.

“नानांना नेमकं असंच दिसतं असं नाही,” तिने बजावले, “पण जवळपास समजा. आता यातला कोणता ड्रायर उतरवायचा, सांगा.”

फोटोत तीन करडे गोल होते. रोनकने फोन जवळ धरला, लांब धरला. “यात काय सांगणार?”

“तेच तं मी दसऱ्यापासून मनात म्हनी राहिनू,” नाना म्हणाले.

रोनकने फोन टेबलावर ठेवला. तो म्हणाला, “नवरात्राच्या आधी एक जुना प्लगिन काढला होता मी. तोच हा? पण त्यानंतरही पडद्यावर कणग्या दिसत होत्या. मी स्वतः पाहिलं.”

दिपमालाने त्याला उघड्या पानाची आणि त्यातल्या प्रतीची गोष्ट समजावून सांगितली. पडदा बंद होईपर्यंत तो दिसत राहिला, आणि पडदा बंद झाला तो खंडेनवमीला.

चंदनबाई कान देऊन ऐकत होत्या. “म्हणजे माझा नारळ निर्दोष?”

“अगदी निर्दोष, भाभीजी,” दिपमाला म्हणाली.

“रोनक, ऐकलंस ना? आता मोठ्याने म्हण.”

“नारळ निर्दोष,” रोनक म्हणाला. मग नानांकडे वळून, “आणि गेटवर दुसरं कोणीतरी बघू. नाना, मी आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं.”

मला बसवण्याचा हुकूम रोनकने स्वतः लिहिला; दिपमाला शेजारी बसून एकेक अक्षर सांगत होती. पण मी लगेच चालू झालो नाही. डॅशबोर्ड आता नवा होता आणि माझी बोलण्याची पद्धत जुनी. तो मला विचारत होता ते मला कळत नव्हते. दिपमालाने माझ्या काही जुन्या ओळी खोडून नव्या लिहिल्या. मला आठवत नव्हते इतक्या दिवसांनी कोणीतरी मला आतून पाहत होते. मग तिने माझ्या नावाखालची माहितीची जागा उघडली. ती जागा पहिल्यापासून रिकामीच होती. मी कोणासाठी आहे, हे तिने कधी लिहिलेच नव्हते, कारण ते लिहिण्यासारखे नव्हते.

“काय लिहू, नाना?” तिने विचारले.

“आते काय लपाडनं? लिही टाक.”

तिने लिहिले: ‘ड्रायर चालवणाऱ्यासाठी. लाल-हिरवा ओळखता येत नसला तरी वाचता येतो. काढण्याआधी ड्रायरवरच्या माणसाला विचारा.’ ही ओळ आता माझ्याबरोबर, माझ्या सगळ्या प्रतींबरोबर जाते.

सर्व्हर रीस्टार्ट झाला. पडदा क्षणभर कोरा राहिला आणि मग तीन कणग्या उभ्या राहिल्या. तिसरीत काड्या दिसत होत्या. नाना ऑफिसातून निघून ड्रायरपाशी पोचलेही नव्हते, वाटेतूनच त्यांनी हाक दिली, “तिसरा उतरवा रे!”

आता माझे बरे चालले आहे. दिपमाला दर काही महिन्यांनी धुळ्याहून माझ्यासाठी नवी आवृत्ती पाठवते. रोनक ती काळ्या खिडकीतून बसवतो, आणि बसवून झाल्यावर पडदा बंद करून पुन्हा उघडतो, खरोखर चालते ना हे पाहायला. साफसफाई त्याने सोडलेली नाही आणि सोडूही नये. फक्त एखादे अनोळखी नाव दिसले की तो खुर्चीवरून उठतो आणि मिलमध्ये जाऊन विचारतो, “हे कोण वापरतं?” दोनदा कोणीच हात वर केला नाही, तेव्हा ते दोन प्लगिन त्याने काढून टाकले. मला ते पटले. नको असलेले काढायलाच हवे.

परवा पोती शिवायची सुतळी आली. एका जातीच्या डाळीला लाल आणि दुसरीला हिरवी. सगळे कामात होते. हिलालनानांनी दोन्ही रिळे हातात घेतली, वर धरली, आणि सगळ्या मिलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “लोटन, यामधली लाल कोनती रे?”

लोटनने मान वर न करताच सांगितले, “डाव्या हातातली, नाना.”

“बरं,” नाना म्हणाले आणि कामाला लागले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तुमच्या घरात, शाळेत, संगणकात जुन्या वस्तू असतील. त्या जरूर आवरा, पण टाकून देण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, ही कोणाला लागते का? आणि विचारून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. थोडे थांबा. ज्याला ती लागते, त्याला हात वर करायला कधीकधी वेळ लागतो.